कुंपणावरचा सरडा

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण माणसांना टोमणे मारायला वापरतो. पण ज्या कुणी ती पहिल्यांदा उच्चारली, त्याने सरडा नीट पाहिला असणार. बागेतल्या नर सरड्याला कुंपणापलीकडे जायचंच नसतं. कुंपणाचा खांब, मेंदीच्या रांगेचा शेंडा, फाटकाजवळचा उंच दगड ही त्याची ठरलेली ठाणी. तिथून त्याला आपला सगळा मुलूख दिसतो आणि मुलखात शिरू पाहणाऱ्यालाही तो दिसतो. ज्या जागेला आपण ‘आपली बाग’ म्हणतो तिचा सातबारा त्याच्याही नावावर असतो, फक्त तलाठ्याकडे नोंद नसते.

घराभोवती दोन-चार झाडं, थोडी उघडी माती आणि कोपऱ्यात विटा-दगडांचा ढीग एवढं असलं, तरी महाराष्ट्रातल्या बहुतेक बागांत सरपटणाऱ्यांची तीन घराणी नांदत असतात: सरडे, सापसुरळ्या आणि पाली. नशीब जोरावर असेल तर एखादी घोरपडही. ही मंडळी बाहेरून ‘शिरलेली’ नसतात, ती तिथलीच असतात. दिसली की आपला पहिला प्रश्न मात्र ठरलेला, ‘हे हाकलायचं कसं?’ शेजारच्या काकूंनी मलाही तो विचारला होता. मी म्हटलं, “काकू, याला हाकलून काय होणार? जागा रिकामी झाली की पलीकडच्या भिंतीवरचा दुसरा येऊन बसेल.” त्यांना हे उत्तर आवडलं नाही, पण खरं तेच आहे. चांगल्या जागेला सरड्यांत गिऱ्हाइकांची कमी नसते.

आधी या सरड्याचीच ओळख करून घेऊ, कारण बागेत सर्वांत उघडपणे वावरणारा तोच. शास्त्रीय नाव कॅलोटिस व्हर्सिकलर, 1802 मध्ये दोदाँ या फ्रेंच प्राणीशास्त्रज्ञाने दिलेलं. पूर्ण वाढलेला सरडा शेपटीसह एक फुटाच्या पुढे जातो, आणि त्यात धडापेक्षा शेपटीचाच वाटा मोठा. मानेपासून पाठीवर गेलेली काट्यांची झालर, खरखरीत खवले, लांब बोटं आणि उघडझाप करणाऱ्या पापण्या. पाकिस्तानपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला हा एकच सरडा आहे असं शास्त्रज्ञ फार काळ मानत आले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र या एका नावाखाली दक्षिण आशियातच अनेक जाती दडल्या असल्याचं दाखवलं. रोज दिसणारा प्राणी पुरता कळलेला असतो, हा आपला भ्रम आहे.

एप्रिल-मेपासून पावसाळा संपेपर्यंत नराचा थाट बघण्यासारखा असतो. डोकं आणि खांदे केशरी होत जातात, गळा लालभडक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळे डाग उमटतात. मग तो खांबावर बसून जोर काढायला लागतो: पुढचे पाय ताठ करून छाती वर, पुन्हा खाली, पुन्हा वर, मधूनच मानेला झटका. मादीला ‘मी इथे आहे’ आणि दुसऱ्या नराला ‘इकडे फिरकू नकोस’ असे दोन्ही निरोप त्यात असतात. दोन नर समोरासमोर आले तर आधी अंग फुगवणं, गळा ताणणं, तोंड वासणं होतं आणि त्यानेही भागलं नाही तर खरी कुस्ती. हरलेल्याचा लाल रंग बघता बघता उतरतो. या लाल गळ्यामुळेच इंग्रजांनी त्याला रक्त पिणारा म्हणून बदनाम केलं आणि आपल्याकडच्या पोरांनी त्याला दगड मारण्यासाठी आणखी कारणं शोधली. सरडा कुणाचं रक्त पीत नाही, आणि विष तर त्याच्याकडे नाहीच.

रंग बदलण्याबद्दलही थोडं स्पष्ट बोलायला हवं. सरडा पानावर बसला म्हणून हिरवा आणि मातीवर बसला म्हणून तपकिरी होतो, असं शाळेत आपल्या मनात बसतं. खरं तर त्याच्या रंगामागे ऊन आणि मनःस्थिती यांचा हात मोठा. सकाळी अंग गार असतं तेव्हा तो गडद असतो, कारण गडद रंग ऊन लवकर पितो. अंग तापलं की फिकट होतो. भीती, राग आणि प्रणय यांचे रंग वेगळे. त्वचेच्या पेशींतले काळे कण पसरले की रंग गडद होतो, गोळा झाले की उजळतो. खरा बहुरूपी शॅमेलिऑन, म्हणजे आपला घोयरा सरडा, याच्याही पुढे जातो. मादागास्करच्या एका शॅमेलिऑनवर जिनिव्हा विद्यापीठात झालेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की त्याच्या त्वचेत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि त्या स्फटिकांमधलं अंतर कमी-जास्त करून तो रंग पालटतो. आपल्या कुंपणावरच्या गड्याकडे एवढी यंत्रणा नाही, तरी त्याचं काम भागतं.

त्याच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती बहुतेकांना ठाऊक नसते: तिसरा डोळा. सरडा निवांत उन्हाला बसला असेल आणि हातात दुर्बीण किंवा लांबून टिपणारा कॅमेरा असेल, तर डोक्याच्या माथ्यावर मधोमध एक बारीक फिकट ठिपका शोधा. खवल्याखाली तिथे खरोखरच डोळ्यासारखी रचना असते. तिला चित्र दिसत नाही, पण उजेड किती आहे हे कळतं. दिवस किती मोठा झाला, उन्हात किती वेळ बसायचं, अशा हिशेबांत तिचा उपयोग होतो. पालींना हा तिसरा डोळा नसतो.

आता मादीकडे वळू. ती नरासारखी मिरवत नाही, तपकिरी अंगावर फिकट पट्टे घेऊन झुडपात वावरते, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. पण बागेच्या दृष्टीने महत्त्वाचं काम तीच करते आणि ते पावसाशी बांधलेलं आहे. माती ओली होऊन मऊ झाली की ती पुढच्या पायांनी खड्डा उकरते, त्यात साधारण दहा ते वीस अंडी घालते, माती परत ओढते आणि तोंडाने थापटून जागा सपाट करते. एवढं झालं की तिचा त्या अंड्यांशी संबंध संपला. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं आपली आपण वर येतात. ऑगस्टनंतर बागेत अचानक बोटाएवढे सरडे दिसायला लागतात, ते यामुळे.

पण पाऊसच लांबला तर? धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या प्राणीशास्त्रज्ञांनी या सरड्याच्या प्रजननावर वर्षानुवर्षं काम केलं आहे आणि या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळतं. योग्य ओली जागा मिळाली नाही तर मादी तयार झालेली अंडी पोटातच धरून ठेवते. आतल्या गर्भाची वाढ एका ठरावीक टप्प्यापर्यंत जाते आणि तिथे थबकते. जमीन मिळाली, अंडी घातली गेली, की वाढ पुढे सुरू. रोहिणी कोरड्या गेल्या म्हणून पेरणी थांबवून बसणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. घराभोवतीची सगळी जमीन फरशीने झाकून टाकणाऱ्यांना मात्र सांगायला हवं. फरशी घातली की मादीला बाराही महिने दुष्काळच.

या अंड्यांची आणखी एक गंमत आहे. आपल्यात मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणी ठरतं. या सरड्यात ते अंडी उबताना मातीचं तापमान किती होतं यावर ठरतं, असं 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात दिसलं. तेही सरळ रेषेत नाही: तापमान चढत जाईल तसे आधी माद्या, मग नर, पुन्हा माद्या आणि पुन्हा नर. मगरी-कासवांतही तापमानाचा असा खेळ चालतो, पण हा चौपदरी नमुना संशोधकांनाही नवा होता. म्हणजे जास्वंदीच्या सावलीतल्या आणि उन्हात तापणाऱ्या वाफ्यातल्या अंड्यांतून निघणाऱ्या नर-माद्यांचं प्रमाण वेगळं असू शकतं.

सरडा बघायचा असेल तर सकाळी ऊन अंगावर आल्यावर बघा, तेव्हा तो तापायला बसलेला असतो आणि फारसा पळत नाही. त्याहून सोपी वेळ रात्रीची, हे सांगितलं की लोक चकित होतात. रात्री नऊच्या सुमाराला विजेरी घेऊन झुडपांच्या बाहेरच्या, बारीक फांद्यांवर प्रकाश टाका. फांदीला चिकटून, डोळे मिटून गाढ झोपलेला सरडा उजेडात फिकट, जवळजवळ पांढरट दिसतो. दिवसा महिनोन्‌महिने नजरेला न पडलेली पिल्लं तेव्हा सहज सापडतात. जाड फांदी सोडून शेंड्यावर झोपण्यामागे शहाणपण आहे असं मानतात: साप फांदीवर चढला तर बारीक काडी हलते आणि झोपलेला जागा होतो. हात लावू नका, फोटो काढून उजेड बंद करा.

सापसुरळीची तऱ्हा उलटी. ती उंच बसत नाही, मिरवत नाही. कुंड्यांच्या मागे पालापाचोळ्यात सळसळ होते, तांब्यासारखं तुळतुळीत काहीतरी चमकतं आणि दगडाखाली नाहीसं होतं. पाय आखूड, मान जवळजवळ नाहीच, अंग एकसारखं लांबट, त्यामुळे पहिल्या नजरेत साप वाटतो. काही ठिकाणी तिला ‘सापाची मावशी’ म्हणतात, आणि भाच्याच्या विषाचा आळ मावशीवर येतो. सापसुरळी चावली तर माणूस पाणी मागत नाही, असं सांगणारे अजून भेटतात. सापसुरळीला विषदंत नाहीत, विषग्रंथी नाहीत. तिचं तोंड नाकतोडे, झुरळं, कोळी आणि अळ्या पकडण्याच्या कामाचं आहे. बागेत जास्त दिसते ती मोठी, पाठीच्या खवल्यांवर बारीक कंगोरे असलेली, प्रजननाच्या दिवसांत नराच्या कुशी तांबूस होणारी. दुसरी त्याहून सडपातळ, ठिपकेवाली, जी मातीतच जास्त राहते. हिच्या पिल्लांची शेपटी लाल असते, आणि घाबरवायला तेवढं पुरतं. प्रत्यक्षात तो रंग शत्रूची नजर डोक्यावरून शेपटीकडे वळवण्यासाठी आहे.

कारण शेपटी गेली तरी चालते. सापसुरळी आणि पाल यांच्या शेपटीच्या मणक्यांत आधीच तुटायच्या जागा ठरलेल्या असतात. पकडलं गेलं की तिथले स्नायू आवळले जातात, शेपटी सुटते आणि काही मिनिटं जमिनीवर वळवळत राहते. मांजर त्या वळवळीत गुंततं, मालकीण पसार. रक्त फारसं जात नाही. नवी शेपटी येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची नळी असते, आणि रंगही थोडा विटका. हा सौदा फुकटचा नाही, कारण शेपटीत साठवलेली चरबी जाते आणि नवी उगवायला बळ लागतं. म्हणून गंमत म्हणून शेपटी तोडायला लावणं हा खेळ नव्हे. कुंपणावरच्या सरड्याला तर ही सोय नाहीच: त्याची शेपटी सहज तुटत नाही आणि तुटली तर पालीसारखी परत येत नाही.

पालींबद्दल मी थोडक्यात आटोपतो, त्या घरात रोज दिसतातच. फक्त एवढं सांगायला हवं, की बागेतली प्रत्येक पाल ही ट्यूबलाइटजवळची पाल नव्हे. आंब्याच्या, चिंचेच्या सालीवर राहणाऱ्या पाली वेगळ्या जातीच्या असतात आणि सालीत अशा मिसळतात की हलल्याशिवाय कळत नाहीत. भारतात एकट्या हेमिडॅक्टिलस या प्रजातीत पालींच्या पन्नासच्या आसपास जाती आहेत, आणि गेल्या काही वर्षांत सह्याद्रीतून नव्या जातींची भर पडतच आहे. त्यांच्या बोटांखालच्या लक्षावधी सूक्ष्म केसांनी त्या भिंत कशी धरतात हे कोडं 2000 ते 2002 या काळात केलर ऑटम आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी बरंचसं उलगडलं: ना गोंद, ना चूषक, तर रेणूंमधलं अतिशय दुबळं आकर्षण, पण इतक्या केसांवर मिळून प्रचंड. कुंडी हलवताना तिच्या मागे दोन पांढरी, टणक, खडूसारखी अंडी चिकटलेली दिसली तर ती पालीची. ओरबाडू नका, कुंडी होती तिथे ठेवा.

गावाकडच्या, नदीकाठच्या किंवा डोंगराला लागून असलेल्या बागांत घोरपड येते. ती आली की एकतर घरात पळापळ होते किंवा तेल काढणारे हजर होतात. घोरपडीच्या तेलाने सांधे बरे होतात याला काडीचा आधार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या परिशिष्टात तिचं नाव आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण, आणि शिकारीला किमान 3 वर्षांची कैद. तिला वाट मोकळी ठेवली की ती आपली आपण जाते. गोव्यातल्या कुळागरांत राहणाऱ्यांचं भाग्य आणखी मोठं: तिथे पोफळीवरून पोफळीवर तरंगत जाणारा उडता सरडा दिसतो. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेलं कातडं पसरून तो झेप घेतो, खोडावरच्या मुंग्या खातो आणि मादी मुख्यतः अंडी घालायलाच जमिनीवर उतरते. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे राहतात. त्यांच्या गटाला 2016 मध्ये शास्त्रीय नावच ‘सारडा’ असं मराठीवरून मिळालं. ते बागेत येणार नाहीत, पण मे महिन्यात कधी त्या बाजूला गेलात तर गाडी थांबवून बघा.

बागकामावरचे लेख सरड्याला ‘शेतकऱ्याचा मित्र’ अशी पदवी देऊन मोकळे होतात. मला ती पदवी खटकते. सरडा मुंग्या, नाकतोडे, अळ्या खातो हे खरं, पण तो फुलपाखरंही खातो, मधमाशीही खातो आणि संधी मिळाली तर लहान पक्ष्याचं पिल्लूही गट्ट करतो. त्याने आपल्या टोमॅटोची नोकरी पत्करलेली नाही. आणि तो स्वतःही कुणाचा तरी घास आहे: भारद्वाज, शिक्रा, खंड्या, मुंगूस, धामण सगळे त्याच्यावर टपलेले असतात. बागेत भारद्वाज येतो म्हणून हरखणाऱ्याने तो काय खायला येतो हेही बघावं. सरडा असला की त्याच्या खालचे किडे आणि वरचे पक्षी दोन्ही तिथे असल्याची खात्री पटते. उपयोगाचा हिशेब मांडायचाच असेल तर तो असा मांडावा.

या सगळ्यांना घालवायचं असेल तर उपाय सोपा आहे: बाग चकचकीत ठेवा. पाचोळा रोज झाडून जाळा, लॉन लावा, कडेला फरशी घाला, महिन्याला फवारणी करा. किडे मेले की उपाशी राहून किंवा विषारी किडे खाऊन हेही मरतात. ठेवायचं असेल तर एक कोपरा मुद्दाम हात न लावता सोडा. दगड-विटांचा ढीग, पाचोळा, जमिनीपर्यंत आलेलं एखादं दाट झुडूप आणि हातभर उघडी माती तिथे असू द्या. पाण्याची थाळी उथळ असावी आणि तिच्यात एक दगड, म्हणजे पडलेला प्राणी चढून बाहेर येईल. भाज्यांवर पक्ष्यांसाठी नायलॉनची जाळी टाकली असेल तर ती जमिनीवर लोळू देऊ नका, तिच्यात सरडे आणि साप दोन्ही अडकून मरतात. मांजर पाळलं असेल तर त्याला सकाळच्या उन्हाच्या वेळी घरात ठेवणं हा सरड्यांवरचा मोठा उपकार ठरेल.

पावसाळ्यात वाफा खणताना सव्वा सेंटिमीटरच्या आसपास लांबीची, मऊ सालीची पांढरी अंडी पुंजक्याने सापडली, तर खुरपं तिथेच थांबवा. सापाची समजून फेकू नका. अंडं उलटंपालटं करू नका, कारण आतला गर्भ एका बाजूला चिकटलेला असतो आणि अंडं फिरवलं तर तो दगावू शकतो. होती तशीच माती वर ओढा आणि जागेवर काडी रोवून ठेवा.

आणि उंदरांसाठी बागेत किंवा गॅलरीत चिकट पुठ्ठे ठेवत असाल, तर ते आजच काढा. उंदरांइतक्याच पाली आणि सापसुरळ्या त्यांना चिकटतात आणि तासन्‌तास तडफडतात. अडकलेली जिवंत सापडली तर ओढू नका. खायचं तेल थोडं थोडं लावत पाय सोडवा, ती जगते. नंतर हात साबणाने धुवा आणि पुढच्या वेळी बाजारातून साधा पिंजरा आणा.